धर्मग्रामाची नवी कसोटी

२०२५ हे वर्ष जगभरच्या कॅथॉलिक चर्चने महोत्सवी वर्ष म्हणून पाळले. पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षासाठी 'आशेचे यात्रेकरू' हे सूत्र दिले होते. वर्ष निम्मे सरण्यापूर्वीच, २१ एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले. आणि ६ जानेवारी २०२६ रोजी त्यांचे उत्तराधिकारी पोप लिओ चौदावे यांनी महोत्सवाची सांगता केली. महोत्सव संपला, पताका उतरल्या, की त्यातील शब्दांचे पुढे काय होते, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या अनुयायांनी स्वतःस विचारावा असा आहे. त्यातही 'आशा' हा शब्द उच्चारावयास फार सोपा आणि आचरावयास फार अवघड. रोममध्ये उच्चारलेला हा शब्द पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील हिंजवडीत, कोणत्या अर्थाने खरा ठरू शकेल, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहता ख्रिस्ती समाजाचा आहे. परंतु तो त्या एकाच समाजाचा नाही.

हिंजवडी हे मुळात शेतकऱ्यांचे गाव. म्हातोबा हे तेथील दैवत, आणि चैत्रातील यात्रेत निघणारे त्याचे बगाड हा हिंजवडी-वाकड परिसराचा सर्वांत मोठा उत्सव. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविण्यास प्रारंभ केला, आणि बघता बघता भाताच्या खाचरांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. देशाच्या सर्व प्रांतांतून तरुण येथे आले. त्यांत केरळचे, तामिळनाडूचे, गोव्याचे, मंगळूरचे, झारखंडचे आणि ईशान्य भारतातले ख्रिस्ती तरुणही आहेत. तसेच नगर, जालना, संभाजीनगर या जिल्ह्यांतून पोटासाठी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. या साऱ्यांचा मिळून एक समाज होऊ शकतो काय?

कारखान्याचे गाव आणि करारावरचे गाव

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न नेमका कळतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६०च्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने या परिसरात आले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. त्या काळी आलेला कामगारही परगावचाच होता. पण त्याची नोकरी कायम स्वरूपाची असे. त्याला कारखान्याची वसाहत होती, ठरलेल्या वेळी येणारी गाडी होती, संघटना होती, पतपेढी होती. घरात मृत्यू झाला तर खांदा द्यावयास पाळीतील माणसे येत. पिंपरीतील कॅथॉलिक चर्चला 'दुःखितांची सांत्वनकर्ती माता' असे मारियेचे नाव आहे. अशा चर्चला येणाऱ्या कामगाराचे निम्मे सांत्वन कारखान्यानेच केलेले असे. सारे गोड होते असे नव्हे. संप झाले, टाळेबंद्या झाल्या. तरी भांडावयासही एकत्र यावे लागते, आणि त्या एकत्र येण्यातून माणसे एकमेकांची होत.

हिंजवडीतील नोकरदाराची स्थिती निराळी आहे. त्याचा पगार त्या कामगाराहून पुष्कळ अधिक. पण त्याचे घर अकरा महिन्यांच्या करारावर, त्याची नोकरी पुढील प्रकल्प मिळेपर्यंत, आणि त्याचा शेजारी कोण हे त्याला ठाऊक नाही. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही उद्याने काही दिवसांत ओस पडली. ज्यांना संगणक घेऊन घरी जाता आले ते गेले. त्यांच्या इमारती झाडणारे, पहारा करणारे, खाणावळी चालविणारे आणि बांधकामावर राबणारे मात्र उघड्यावर पडले. वस्ती होती, गाव नव्हते, हे त्या दिवसांत स्पष्ट दिसले.

वसईकडील कॅथॉलिक समाजाने 'पॅरिश' या शब्दासाठी 'धर्मग्राम' हा मराठी शब्द रूढ केला आहे. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. चर्चच्या १९८३ सालच्या विधिसंहितेतही धर्मग्रामाची व्याख्या इमारतीवरून केलेली नाही. तो श्रद्धावंतांचा निश्चित असा जनसमूह आहे, असे म्हटले आहे. सर्वसाधारण नियम असा की, धर्मग्राम प्रदेशावरून ठरावा. त्या प्रदेशात राहणारे श्रद्धावंत सारे त्याचे. म्हणजे येथे शेजारी निवडता येत नाही. तो आपल्या वाट्याला येतो. प्रॉटेस्टंट पंथीय 'मंडळी' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनातही माणसेच असतात, भिंती नव्हेत. तेव्हा हिंजवडीसारख्या ठिकाणी चर्चची पहिली कसोटी ही की, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांचे त्याला ग्राम करता येते की नाही.

आशेचे खरेदीखत

आशा म्हणजे मनाची उल्हसित अवस्था, अशी आपली समजूत असते. बायबलमधील एक प्रसंग या समजुतीस छेद देतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला आहे, नगराचा पाडाव आज ना उद्या होणार हे निश्चित आहे, आणि तसे भाकीत करणारा यिर्मया संदेष्टा स्वतः बंदिवासात आहे. नेमक्या अशा वेळी तो आपल्या चुलत भावाकडून अनाथोथ येथील शेत विकत घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून दिली जाते, खरेदीखत होते, साक्षीदारांच्या सह्या होतात, आणि ते पुष्कळ काळ टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात जपून ठेवले जाते. उद्या शत्रूच्या ताब्यात जाणाऱ्या जमिनीचा हा व्यवहार कोणत्याही हिशेबी माणसाने वेडेपणाचा ठरविला असता. पण या भूमीवर पुन्हा घरे, शेते आणि मळे यांचे व्यवहार होतील, हा आपला विश्वास यिर्मयाने प्रवचनातून नव्हे, दस्तऐवजातून व्यक्त केला.

या प्रसंगाचा अर्थ असा की, आशेला साक्षीदार लागतात, हिशेब लागतो आणि दस्त टिकविणारे भांडे लागते. आशा टिकावयाची तर तिला संस्थेचे रूप द्यावे लागते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहता तीन दाखले डोळ्यांसमोर येतात.

पहिला पुणे जिल्ह्यातलाच, केडगावचा. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्यांना त्यांनी नुसता आश्रय दिला नाही. मुक्तिसदनात शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तेथील स्त्रियांनी जुळविले. ज्यांना दुष्काळाने रस्त्यावर टाकले त्यांच्या हाती अक्षर आणि उद्योग देणे, ही रमाबाईंची आशेची व्याख्या होती. १९२२ साली त्या गेल्या, संस्था राहिली.

दुसरा दाखला वसईचा. पोर्तुगीजांची सत्ता १७३९ साली चिमाजी आप्पांनी संपविली. परकी राज्य गेले, पण धर्मग्राम राहिले, कारण ते राज्यावर नव्हे, गावच्या माणसांवर उभे होते. पुढे १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने तेथे सहकारी पतसंस्था निघाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. सावकाराच्या वहीत अडकलेल्या बागायतदाराला परलोकातील सुखाचे आश्वासन देणे सोपे होते. त्याऐवजी त्याला रास्त व्याजाने कर्ज आणि बचतीची सवय देण्याचे ठरले. अनाथोथच्या भांड्याचा हा वसईतील अवतार म्हणावा लागेल.

तिसरा दाखला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि नगर येथील अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले. १९१७ साली पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. कल्पना अत्यंत उदार होती. परंतु दोनच वर्षांनी, १९१९ साली, टिळक निवर्तले आणि त्यांच्या मागे दरबाराला पूर्वीचे बळ राहिले नाही. टिळकांची प्रतिभा मोनिसांपाशी नव्हती. पण एका थोर पुरुषाभोवती जमलेली माणसे आणि एका नियमाने बांधलेली माणसे यांत टिकण्याच्या दृष्टीने किती अंतर पडते, हे या दोन उदाहरणांवरून कळते. हिंजवडीने टिळकांचा उदारपणा घ्यावा, आणि त्याला मोनिसांच्या हिशेबाच्या वहीचा आधार द्यावा.

आपापली बेटे

यातील पहिली अडचण भाषेची व पंथाची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत मातृभाषेला वाट करून दिली; पुढे मिस्सा मराठीत होऊ लागला, मल्याळीत आणि तामिळीतही होऊ लागला. घरापासून दूर आलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेत प्रार्थना करता यावी यासाठी चर्चने व्यवस्थाही केल्या. पश्चिम भारतातील सिरो-मलबार कॅथॉलिकांसाठी १९८८ साली कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तो याच हेतूने. यात गैर काहीच नाही. आईच्या भाषेत देवाला हाक मारणे हा माणसाचा हक्क आहे.

परंतु या सोयीची किंमतही ओळखली पाहिजे. एकाच इमारतीच्या चार मजल्यांवर राहणारी चार ख्रिस्ती कुटुंबे रविवारी सकाळी चार दिशांना जातात आणि सोमवारी उद्‌वाहकात एकमेकांना ओळखत नाहीत, अशी स्थिती मग येते. आपल्यासारख्या माणसांत मिळणारी ऊब ही आशेची सुरुवात आहे, शेवट नव्हे. बेट कितीही हिरवे असले तरी त्याचे गाव होत नाही.

ही दरी भरून काढता येते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या भूमीवरच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. बाप्तिस्मा बालपणी द्यावा की जाणतेपणी, बिशप असावेत की नसावेत, अशा प्रश्नांवर शतकानुशतके वेगळे राहिलेल्यांनी वाटाघाटी करून एक घटना मान्य केली. एवढे ज्यांना साधले त्यांच्या वारसांना वर्षातून काही रविवार एकत्र, आणि या भूमीच्या भाषेत म्हणजे मराठीत, उपासना करणे जड जाऊ नये. मराठी येथे केवळ मराठी ख्रिस्ती माणसाच्या अस्मितेसाठी हवी असे नाही. गावाशी बोलण्याची भाषा तीच आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सना सतराव्या शतकाच्या प्रारंभी गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगावीशी वाटली आणि १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. चारशे वर्षांनंतर, विमानाने दोन तासांत येणाऱ्यांना ती भाषा अनावश्यक वाटावी, हे शोभत नाही.

एकाच बाकावर

दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि तिचा उच्चार करताना सहसा आवाज खाली येतो. उद्यानातील अभियंता ख्रिस्ती असू शकतो आणि त्याच्या कार्यालयाची फरशी पुसणारी कंत्राटी कामगार स्त्रीही ख्रिस्ती असू शकते. नगर आणि मराठवाडा या भागांतील ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणावर पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेला आहे. दुष्काळात आणि अपमानात पिचलेल्या त्या माणसांनी नवा धर्म स्वीकारला तो माणूस म्हणून उभे राहता यावे या आशेने. त्या आशेचे काय झाले? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यांत समावेश झाला. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यांना मिळणारे उत्तर असे की, ख्रिस्ती धर्मात जातिभेद नाही. आणि चर्चमध्ये येऊन पाहावे तर जात विवाहात आहे, बसण्याउठण्यात आहे. भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६च्या डिसेंबरात दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्येही अस्पृश्यता आणि भेदभाव आहेत, हे स्वतःच मान्य केले. ही कबुली प्रामाणिक होती. पण कबुलीनंतर कृती यावी लागते.

सरकारच्या आदेशाविषयी न्यायालयात आणि संसदेत जे व्हावयाचे ते होईल. धर्मग्रामाच्या हाती असलेली गोष्ट मात्र उद्याच करता येईल. अभियंता आणि ती कामगार स्त्री एका बाकावर बसतात काय? तिच्या मुलाच्या दहावीच्या गणिताची चिंता त्याला स्वतःची वाटते काय? धर्मग्रामाच्या समितीत तिला मत आहे काय, की तिला फक्त नाताळाच्या आदल्या दिवशी सभागृह झाडावयास बोलावले जाते? हिंजवडीतील चर्चची खरी मोजदाद या प्रश्नांच्या उत्तरांवरून करावी; वेदीच्या संगमरवरावरून करू नये.

कुंपणाबाहेर

ख्रिस्ती समाजाच्या सेवाकार्याकडे संशयाने पाहणारे पुष्कळ आहेत. सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, हा आक्षेप जुना आहे. रमाबाईंच्या शारदासदनावरून पुण्यात १८९३ साली जो वाद झाला त्यात रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे त्यांचे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आक्षेप घेणारे सारेच दुष्ट बुद्धीचे असतात असे मानण्याचे कारण नाही. तसेच प्रत्येक सेवेत डाव पाहणे हेही न्यायाचे नाही. यावर उपाय एकच. सेवा बिनशर्त असावी, आणि जमाखर्च कोणालाही पाहता यावा. विधिसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती असणे बंधनकारक केले आहेच. तिचा हिशेब फलकावर मराठीत लागला तर बरेचसे संशय आपोआप विरतील.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, धर्मग्रामाने स्वतःपुरते पाहू नये. बाबेलमध्ये नेल्या गेलेल्या आपल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहिले. त्यात घरे बांधा, मळे लावा आणि ज्या परक्या नगरात तुम्ही आहात त्याचे कल्याण चिंता, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे, अशा आशयाचा उपदेश आहे. वसईतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हा उपदेश आचरणात आणला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बिल्डर आणि टँकरवाले वसईची जमीन आणि विहिरींचे पाणी गिळावयास निघाले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचा लढा त्यांनी उभारला. त्यात सर्व धर्मांचे लोक होते. कारण विहिरीतील पाणी ख्रिस्ती किंवा हिंदू नसते. याच फादर दिब्रिटोंना २०२० साली उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराष्ट्राने दिले. २०२४ साली ते गेले. पण धर्मगुरू सगळ्या गावाचा कसा होतो, याचा वस्तुपाठ त्यांनी मागे ठेवला.

हिंजवडीचे प्रश्नही याच जातीचे आहेत. टँकरचे पाणी, कोंडलेले रस्ते, पावसाळ्यात तुंबणारे नाले, आणि जमिनीचे पैसे संपल्यावर काय, ही मूळ गावकऱ्यांच्या मुलांपुढील चिंता. या प्रश्नांवरील बैठकीत धर्मग्रामाचा प्रतिनिधी दिसला पाहिजे. म्हातोबाच्या यात्रेत उन्हातून येणाऱ्यांना पाणी देणारा एक मंडप चर्चच्या तरुणांचा असला तर त्यात कोणाचाही धर्म बुडणार नाही.

करण्यासारखे थोडके

मग नेमके काय करावे? नव्या वस्तीत उपासना बहुधा भाड्याच्या सभागृहात किंवा शाळेच्या वर्गात सुरू होते आणि सारी शक्ती इमारत उभारण्यात खर्ची पडते. हा क्रम उलटा करावा. प्रथम घरांची नोंदवही करावी, आणि तीत भाडेकरूंची नोंद मालकांच्या बरोबरीने असावी. माणूस घर बदलून वाकडला किंवा मारुंजीला गेला तरी वहीतून गळू नये. दहा-पंधरा घरांचे छोटे समूह भाषेवरून नव्हे, गल्लीवरून करावेत. आजारी पडल्यास रुग्णालयात कोण बसेल, मृत्यू झाल्यास दफनाची व्यवस्था कोण पाहील, नोकरी गेल्यास दोन महिन्यांचे भाडे कोठून येईल, ही उत्तरे त्या समूहात आधीच ठरलेली असावीत. एक लहानशी पतसंस्था असावी. तीत अभियंत्याचे हजार आणि सफाई कामगाराचे पन्नास रुपये एकाच वहीत जमा व्हावेत, आणि मत दोघांना एकेकच असावे. संध्याकाळी अभ्यासिका चालावी व तिचे दार बांधकाम मजुरांच्या मुलांना, ती कोणत्याही धर्माची असोत, उघडे असावे. चर्चची इमारत यानंतर झाली तरी चालेल.

यातील प्रत्येक गोष्ट किरकोळ वाटेल. आशेची कामे बहुधा किरकोळच दिसतात. वाचकांतील शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना हे चटकन पटावे, कारण शाळेचे हजेरीपत्रक आणि पतपेढीची खातेवही यांवर समाज किती उभा असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. गणेशमंडळाने, दिंडीने, बुद्धविहाराने किंवा ओणम साजरा करणाऱ्या समाजमनेही हिंजवडीसारख्या वस्तीत हेच काम आपापल्या परीने करावयाचे आहे. त्यांच्यापुढील कसोटीही तीच. आपल्यासारख्यांनाच जमविणार, की जे वाट्याला आले त्यांचे गाव करणार?

महोत्सवी वर्ष संपले. हिंजवडीत दर महिन्याला कित्येक भाडेकरार संपतात आणि नवे होतात. त्या करारांच्या मुदतीपलीकडे टिकेल असे एक तरी नाते, एक तरी वही, एक तरी सामाईक बाक जो धर्मग्राम निर्माण करील, त्याला आशेचा अर्थ कळला असे म्हणता येईल.